पहिला पियानो कोणता घ्यावा: नाशिकच्या एका आईच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी आठ वर्षांची, नाशिकला पियानोच्या क्लासला जायला लागून दोन महिने झालेत. टीचर म्हणतात, 88 कीजचा वेटेड, म्हणजे वजनदार कीजचा, डिजिटल पियानोच घ्या. दुकानदार म्हणतो, एवढ्या लहान मुलीला 61 कीजचा कीबोर्ड भरपूर झाला. घरात सासऱ्यांची पेटी आहे. आणि वसईच्या आत्येसासूबाई आपला जुना अपराइट (तारांचा, उभ्या ठेवणीचा) पियानो फुकट द्यायला तयार आहेत, फक्त आणायचा खर्च तुमचा. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बजेट 50 हजारांच्या आसपास. यातलं काय करावं?

थेट सांगते. 88 कीजचा, हातोडीची यंत्रणा असलेला साधा पोर्टेबल डिजिटल पियानो घ्या. टीचरचं म्हणणं बरोबर आहे, मात्र त्यामागचं खरं कारण 88 हा आकडा नाही. 61 कीजचा कीबोर्ड एका अटीवर आणि थोड्याच दिवसांसाठी चालेल. पेटी घरात आहे हे उत्तमच, पण पियानोचा रियाज तिच्यावर होणार नाही. वसईचा पियानो आतून तपासल्याशिवाय घाट चढवू नका, आणि तपासल्यावरही बहुधा ‘नको’ असंच ठरेल. आता कारणं नीट सांगते, कारण दुकानात उभं राहिल्यावर निर्णय तुम्हालाच घ्यायचाय.

पियानोची की दाबली की आत फेल्ट (दाबून बनवलेलं लोकरी कापड) लावलेली एक हातोडी उडते, तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. की दाबून धरली तरी हातोडी तारेला चिकटून राहत नाही. तारेपर्यंत पोचायच्या जरा आधीच ती बोटाच्या ताब्यातून सुटते, हातातून सुटलेल्या चेंडूसारखी. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने 1700च्या सुमारास ही सुटण्याची युक्ती बसवली आणि तिथून पियानो सुरू झाला. त्याआधीच्या हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जायची, त्यामुळे बोट जोरात मारा की हळू, आवाजात म्हणण्यासारखा फरक पडत नसे. पियानोवर मात्र हातोडी किती वेगाने सोडायची हे वाजवणाऱ्याच्या बोटावर असतं. स्वर हळुवार येणार की खणखणीत, डाव्या हाताची साथ मागे राहणार की उजव्या हाताच्या सुरावटीवर चढणार, हे सगळं त्या वेगातून ठरतं.

पहिल्या वर्षात मुलांच्या बोटांनी शिकायचं ते हेच. कुठला स्वर कुठे आहे हे आठ वर्षांचं मूल पटकन शिकतं. नोटेशनही हळूहळू वाचायला लागतं. पण बोटाचं वजन कीवर कसं सोडायचं, चौथं आणि पाचवं बोट अंगठ्याच्या तोडीने कसं वाजवायचं, हे घरी रोज वाजवूनच येतं, आणि घरातलं वाद्य बोटाला उत्तर देणारं असेल तरच येतं. आठवड्यातून एक-दोनदा क्लासमध्ये चांगल्या पियानोवर आणि उरलेले दिवस घरी निर्जीव कीजवर, असं झालं की मूल दोन वेगवेगळी वाद्यं शिकायला लागतं. घरून वाजवून आलेलं क्लासमध्ये बसत नाही, की जड लागते, स्वर मध्येच गळतात. मग मुलं म्हणतात, ‘घरी तर नीट येत होतं.’ खरंच आलेलं असतं ते! फक्त दुसऱ्या वाद्यावर.

डिजिटल पियानोत तारा नसतात. प्रत्येक कीखाली सेन्सर असतात, स्वस्त मॉडेलांत दोन, जरा बऱ्या मॉडेलांत तीन. की खाली जाताना पहिल्या सेन्सरपासून दुसऱ्यापर्यंत किती वेळ लागला हे मोजलं जातं, त्यावरून वेग काढला जातो आणि त्या वेगाचा, आधी रेकॉर्ड करून ठेवलेला स्वर वाजतो. तिसरा सेन्सर असेल तर की पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. कीच्या आत खरीखुरी वजनदार हातोडी असते. ती तारेवर आपटत नाही, पण बोटाला तिचं वजन कळतं. दुकानात ‘हॅमर अ‍ॅक्शन’ म्हणतात ते हे. ‘सेमी-वेटेड’ म्हणजे मुख्यतः स्प्रिंग आणि जोडीला थोडं वजन. तुमच्या कामाला तो शब्द उपयोगी नाही.

हातोडी आणि स्प्रिंग यांतला फरक ओळखायला एक सोपी युक्ती आहे. दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. अशी सात नाणी सेलोटेपने घट्ट बांधून गठ्ठा करा. नाणं पियानोच्या कीपेक्षा थोडं रुंद असतं, म्हणून गठ्ठा आडवा न ठेवता कडेवर उभा ठेवायचा, म्हणजे शेजारच्या कीजना लागत नाही. घरंगळू नये म्हणून बोटाचा नुसता टेकू द्या. कीबोर्डच्या मध्यावरची एखादी पांढरी की निवडा आणि गठ्ठा तिच्या पुढच्या टोकाला ठेवा. चांगल्या अ‍ॅकूस्टिक (खऱ्या तारांच्या) पियानोची की, उजवं पेडल दाबलेलं असताना, साधारण 50 ग्रॅमला सावकाश खाली निघते आणि तळाच्या जरा वर तिला हलकासा अडथळा लागतो. हातोडी सुटण्याची जागा ती. डिजिटलवर वजन थोडं जास्त लागलं तरी बिघडत नाही. बघायचं ते असं: हातोडीची की सुरुवातीला अडून राहते आणि एकदा हलली की निघते. स्प्रिंगची की उलट वागते. आधी सहज दबते, मग जितकी खाली जाईल तितकी जास्त विरोध करते आणि बरेचदा मध्येच थांबते. बोट काढल्यावर ती टुणकन वर उडते, तर हातोडीची की आपल्या वजनाने परत येते. माझ्या पर्समध्ये असा गठ्ठा कायम असतो, आणि पालकांना हे एकदा दाखवलं की ‘वेटेड म्हणजे काय’ हा प्रश्न पुन्हा येत नाही.

आता 61 कीजचं. पियानोला 88 कीज असतात, 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या. पण मोझार्टच्या घरी व्हिएन्नाच्या आंटोन वाल्टरने बनवलेला जो पियानो होता, त्याला पाचच सप्तकं होती. बीथोवेनच्या सुरुवातीच्या सोनाटाही जवळजवळ तेवढ्यातच बसतात. तेव्हा पाच सप्तकांत शिकता येत नाही असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. त्या पियानोच्या कीज आजच्यापेक्षा हलक्याही होत्या, तरी आत हातोडी होती आणि बोट जसं पडेल तसा स्वर निघायचा. बाजारातल्या 61 कीजच्या कीबोर्डमध्ये नेमकं हेच हरवलेलं असतं. आवाज शेकडो, ताल शेकडो, आणि बोटाला उत्तर शून्य किंवा जेमतेम. शिवाय या कीबोर्डची पाच सप्तकं मोझार्टच्या पियानोपेक्षा वरून सुरू होतात, त्यामुळे डाव्या हाताचे खालचे स्वर लवकर संपतात. पहिल्या वर्षाच्या धड्यांना ते पुरतील, पुढे अडेल.

तरीही पैशांची अडचण असेल आणि पाच-सहा महिने थांबायचं असेल, तर 61 कीजचा घ्यायला मी ‘नाही’ म्हणणार नाही. अट एवढीच की त्यात टच रिस्पॉन्स हवा, म्हणजे जोरात दाबलं तर जोरात आणि हळू दाबलं तर हळू वाजलं पाहिजे. सर्वांत स्वस्त मॉडेलांत तो बहुधा नसतो आणि खोक्यावर तसं लिहिलेलंही नसतं, म्हणून वाजवूनच बघायचं. कीज पूर्ण आकाराच्या हव्यात: एका ‘सी’च्या डाव्या कडेपासून पुढच्या ‘सी’च्या डाव्या कडेपर्यंत सुमारे साडेसोळा सेंटीमीटर. पट्टी घेऊन मोजा. छोट्या कीजचे मिनी कीबोर्ड पियानो शिकण्यासाठी घेऊच नका. यामाहा आणि कॅसिओ दोघांचेही भारतीय ताल, तबला-तंबोऱ्याचे आवाज असलेले कीबोर्ड इथे मिळतात. गाण्याच्या साथीला, वाद्यवृंदाला ते फार कामाचे आहेत. मुलीला तेच वाजवायचं असेल तर तोही मान राखण्यासारखा रस्ता आहे, आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांमध्ये इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हा पियानोपेक्षा वेगळा विषय आहे. फक्त मग टीचरही त्या वाद्याची हवी. ज्या कीजमध्ये दिवे लागतात आणि मुलाने दिव्यामागे बोट न्यायचं असतं, ती मॉडेलं मात्र मी आठ वर्षांच्या मुलांना देत नाही. मूल दिवा बघतं, कागद बघत नाही.

पेटीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मराठी घरांत हा प्रश्न हमखास येतो आणि त्यात आजोबांचा जीव अडकलेला असतो. मुलगी आजोबांजवळ बसून काळी एक, पांढरी चार शिकली असेल तर तिला पियानोवर जागा सापडायला वेळ लागत नाही, कारण काळ्या-पांढऱ्यांची मांडणी तीच. सूर कानात बसलेला असतो, हा फायदा तर मोठाच. पेटी बंद करा असं मी कधीच सांगणार नाही. पण पेटीत आवाज कमी-जास्त होतो तो भात्यामुळे, बोटामुळे नाही. की हलकी दाबा की जोरात, स्वर तेवढाच. डावा हात भात्यावर गुंतलेला, त्यामुळे दोन हातांनी दोन वेगळ्या ओळी वाजवणं तिथे नाही. आणि सर्वांत मोठा फरक कानाचा आहे. पेटीचा स्वर हवा आहे तोवर टिकतो. पियानोचा स्वर वाजला त्या क्षणापासून विरायला लागतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना पहिला किती विरलाय ते ऐकून दुसरा किती जोरात सोडायचा हे ठरवावं लागतं, तरच ओळ गायल्यासारखी लागते. पेटीवर वाढलेली मुलं पियानोवर सुरुवातीला प्रत्येक की घट्ट दाबून धरतात, स्वर धरून ठेवता येईल या आशेने. थोड्या दिवसांत ती सवय सुटते, पण पियानोवर बसूनच सुटते. संगीत नाटकांत वाजणाऱ्या पायपेटीचं, ऑर्गनचंही तेच. कीज छान, हात दोन्ही मोकळे, पण जोर पायाचा.

आता वसईचा पियानो. फुकट मिळणाऱ्या जुन्या पियानोबद्दल मी सावध का असते ते सांगते.

पियानोत सुमारे 230 तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण 18 ते 20 टनांच्या घरात जातो. हा ताण लोखंडी फ्रेम पेलते, पण तारांच्या खुंट्या लाकडात रुतलेल्या असतात. खुंटी घट्ट असेल तोवर सूर टिकतो. वसईची हवा खारी आणि दमट. तिथे इतकी वर्षं उभा असलेला पियानो त्या हवेला सरावलेला असतो, म्हणजे त्याचं लाकूड फुगून बसलेलं असतं. तोच पियानो कसारा घाट चढून नाशिकला आला की पहिल्याच उन्हाळ्यात लाकूड आकसतं. साउंडबोर्डला, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या लाकडी फळीला, चिरा पडू शकतात, खुंट्या सैल होतात, आणि आज ट्यून केलेला पियानो पंधरा दिवसांत उतरतो. समुद्राकाठी राहून चांगला वाजत होता, हे आत्येसासूबाईंचं म्हणणं खरंच असेल. इथे आल्यावर तो तसाच राहील याची खात्री त्यातून मिळत नाही.

घरातली माणसं भावनेने गुंतलेली असतात, म्हणून सरळ नकार देण्यापेक्षा वसईला जाऊन एकदा बघून या. मोबाइलवर ट्यूनरचं एखादं अ‍ॅप घ्या आणि मधल्या सी-च्या वरचा ए वाजवा, म्हणजे आपली पांढरी सहा. 440 हर्ट्झच्या आसपास दाखवलं तर उत्तम. 430च्या पुढे-मागे असेल तर आशा आहे. 415च्या जवळ आला असेल तर पियानो अर्धा स्वर उतरलाय. तो वर ओढताना गंजलेल्या तारा तुटतात, आणि एवढं करूनही पहिल्या ट्यूनिंगमध्ये तो टिकत नाही. मग वरचं झाकण उघडून टॉर्च मारा. तारांवर आणि खुंट्यांवर लाल गंज किती? हातोड्यांच्या फेल्टला तारांनी खोल खाचा पाडल्यात का, कसर लागली आहे का? हातोड्यांच्या पुढे, वरून खाली जाणाऱ्या बारीक तारांची जाळी दिसली तर ती जुनी इंग्लिश पद्धतीची यंत्रणा, जिच्यात स्वर थांबवणारे डॅम्पर हातोड्यांच्या वर असतात. अशा पियानोत स्वर नीट थांबत नाहीत आणि दुरुस्तीला मनापासून तयार होणारे लोकही मोजकेच. ती जाळी दिसली तर माझ्या मते विषय तिथेच संपवावा. खालची फळी काढून कोपऱ्यांत वाळवीची माती, भुसा, उंदरांनी कुरतडलेल्या फेल्टचे तुकडे बघा. शेवटी प्रत्येक की एकेकदा हळू दाबा. मधल्या आणि वरच्या पट्ट्यांत एकेका स्वराला तीन तारा असतात. एकच स्वर वाजवल्यावर आवाज लहरत, थरथरत आला तर त्या तिघींपैकी एखादी उतरली आहे. असे दोन-चार स्वर असणं स्वाभाविक, सगळीकडेच तसं असेल तर खुंट्यांचा प्रश्न आहे.

हे सगळं जमून आलं तरी अपराइट 200 किलोच्या वर जातो. तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढवायला पियानोची सवय असलेली माणसं लागतात, नुसते मूव्हर्स-पॅकर्स चालत नाहीत. आल्यावर दोन-तीन आठवडे त्याला नव्या हवेत बसू द्यायचं, मग ट्यूनिंग, आणि पुढे वर्षातून दोनदा ट्यूनिंग. ट्यूनर मुंबई-पुण्याहून बोलवावा लागला तर त्याच्या येण्याजाण्याचा खर्चही धरा. या बेरजेत नव्या डिजिटलची किंमत सहज पार होते, आणि त्या काळात मुलीचा रियाज थांबलेला असतो. मुलीला पियानो आवडेल की नाही हे ज्या वर्षात ठरणार, त्या वर्षात तिच्या हाताखाली बेसूर, अडकणारं वाद्य नको. तिचा कान अजून घडतोय.

म्हणून डिजिटल. 40 ते 60 हजारांच्या पट्ट्यात यामाहाचा पी-145, रोलँडचा एफपी-10, कॅसिओची सीडीपी-एस मालिका, कॉर्गचा बी-2 असे पर्याय आज दुकानांत असतात. कावाईचा ईएस-120 थोडा वर जातो. किमती सतत हलतात, म्हणून आकडा दुकानातच विचारा. माझं मत विचाराल तर या गटात कीजसाठी मला रोलँडचा एफपी-10 सर्वांत जवळचा वाटतो. त्याला तीन सेन्सर आहेत आणि कीच्या तळाजवळ तो हलका अडथळाही जाणवतो. यामाहाचा पी-145 हलका आहे, लहान हातांना पटकन जमतो आणि आवाज स्वच्छ आहे. यांपैकी कुठल्याही वाद्याने तुमच्या मुलीचं पहिल्या तीन-चार वर्षांत काही अडणार नाही. पॉलिफोनी, म्हणजे एका वेळी किती स्वर वाजू शकतात, या आकड्यावरून दुकानदार महागडं मॉडेल पुढे करतात. सुरुवातीला 64 पुरेत. शेकडो आवाज, रेकॉर्डिंग, ब्लूटूथ यांसाठीही जास्तीचे पैसे मोजू नका.

ऑनलाइन मागवण्याआधी एकदा तरी दुकानात वाजवून बघा. नाशिकला मॉडेलं मांडलेली नसतील तर पुण्याला किंवा मुंबईला एक फेरी मारणं योग्य. मुंबईत धोबीतलाव-काळबादेवीचा भाग वाद्यांच्या दुकानांसाठी जुना आहे, फुर्टाडोज तिथे 1865पासून आहे. मुलीला सोबत न्या आणि क्लासमध्ये शिकलेला एखादा धडा वाजवू द्या. तुम्ही स्वतः तीन गोष्टी बघा. आवाज पूर्ण बंद करून कीज वाजवा. खटखट किती होते ते ऐका, कारण फ्लॅटमध्ये हेडफोन लावून वाजवलं तरी ती खटखट खालच्या मजल्यावर जाते. मग आवाज चालू करून एकच की शक्य तितकी हळू, मग मध्यम, मग जोरात वाजवा. आवाजाबरोबर स्वराचा पोतही बदलला पाहिजे, हळू स्वर मऊ आणि जोराचा उजळ. तिसरं म्हणजे काळ्या कीजच्या मधल्या जागेत, अगदी आत, पांढरी की दाबून बघा. स्वस्त वाद्यांत कीची तरफ आखूड असते, त्यामुळे आतल्या बाजूला की फार जड लागते. मुलीचा अंगठा पुढे तिथेच जाणार आहे.

सेकंडहँड डिजिटल हाही चांगला पर्याय आहे. शहर सोडणारे, हौस ओसरलेले लोक तो कमी किमतीत देतात. इथे तपासणी वेगळी. 88च्या 88 कीज हळू, मध्यम आणि जोरात, अशा एकेक करून वाजवा. मध्येच एखादी की हळू दाबूनही ठणकन वाजली, किंवा दोनदा दाबल्यावर एकदाच वाजली, तर तिच्या खालच्या रबरी संपर्कात धूळ गेली आहे किंवा रबर झिजलंय. दोन-तीन कीज असतील तर साफ करून घेता येतात, किंमत त्या हिशेबाने पाडा. अर्ध्या कीज तशा असतील तर सोडून द्या. अ‍ॅडॅप्टर मूळचाच आहे ना हे बघा. व्होल्टेज आणि पिनची पोलॅरिटी न जुळणारा अ‍ॅडॅप्टर लावून वाद्य जळाल्याची उदाहरणं बरीच आहेत. वीज सारखी जाते-येते अशा भागात राहत असाल तर चांगला सर्ज प्रोटेक्टर लावा.

बजेटमधले चार-पाच हजार वाद्याबाहेरच्या गोष्टींसाठी ठेवा. ही काटकसर घरोघरी होते आणि मुलांच्या मनगटांना भोवते. दिवाणावर कीबोर्ड आणि समोर मांडी घालून मूल, किंवा डायनिंग टेबलवर कीबोर्ड आणि प्लास्टिकच्या खुर्चीत मूल, ही दोन दृश्यं मी सर्वांत जास्त पाहते. टेबलच जमिनीपासून 75 सेंटीमीटर, त्यावर वाद्याची उंची, म्हणजे कीज मुलीच्या छातीशी येतात. खांदे वर चढतात, मनगट लोंबकळतं. पियानोच्या पांढऱ्या कीज जमिनीपासून साधारण 72-73 सेंटीमीटरवर असतात. स्टँड तेवढा ठेवा आणि मग बसण्याची उंची मुलीप्रमाणे बदला: कोपर कीजच्या पातळीत किंवा किंचित वर, खांदे सैल. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा छोटं स्टूल द्या, पावलं टेकली पाहिजेत. एक्स आकाराचे घडीचे स्टँड जोरात वाजवल्यावर डुलतात. त्यापेक्षा त्या मॉडेलसाठी बनवलेला लाकडी स्टँड किंवा सुताराकडून करून घेतलेलं भक्कम टेबल चांगलं. सोबत येणारं चौकोनी, बटणासारखं पेडल फरशीवर सरकत राहतं. पहिल्या वर्षात पेडल फारसं लागत नाही, पुढे खऱ्या पियानोच्या आकाराचं घ्या, आणि अर्धं दाबलेलं ओळखणारं पेडल तुमच्या मॉडेलला चालतं का ते आधी विचारा.

वाद्य खिडकीशी, स्वयंपाकघराच्या वाफेजवळ किंवा थेट उन्हात ठेवू नका. हॉलमध्ये ठेवा. बंद खोलीत एकटं बसून मुलं वाजवत नाहीत, माणसांत वाजवतात. स्पीकरवर वाजवू द्या, हेडफोन फक्त रात्री.

परीक्षांचं थोडक्यात. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या ब्रिटनच्या दोन्ही संस्था भारतात संगीताच्या परीक्षा घेतात. डिजिटल पियानोवर परीक्षा द्यायची तर एबीआरएसएमच्या नियमांत पूर्ण आकाराच्या वेटेड कीज, टचला प्रतिसाद, स्पष्ट पियानोचा आवाज आणि सस्टेन (स्वर लांबवणारं) पेडल यांचा आग्रह आहे. वर सांगितलेली वाद्यं त्यात बसतात, तरी फॉर्म भरताना त्या वर्षीचे नियम टीचरकडून बघून घ्या.

आणि मुलगी टिकली, चौथ्या-पाचव्या ग्रेडपर्यंत आली, तर तेव्हा अ‍ॅकूस्टिकचा विचार करा. जपानहून आलेले सेकंडहँड अपराइट इथे मिळतात, त्यांत यामाहाचा यू-1, 121 सेंटीमीटर उंचीचा, आणि यू-3, 131 सेंटीमीटरचा, हे जास्त पाहण्यात येतात. यामाहाच्या सिरियल नंबरवरून पियानो कोणत्या वर्षी बनला हे काढता येतं, तो नंबर झाकणाखाली फ्रेमवर असतो. नवं पॉलिश आणि चकचकीत पितळ बघून भुलू नका. पैसे देण्याआधी दुकानाशी संबंध नसलेला ट्यूनर सोबत न्या, त्याची फी तुम्ही स्वतः द्या, आणि खुंट्या किती घट्ट आहेत हे त्याला तुमच्यासमोर तपासायला सांगा.